बावीस नखं

जानेवारी ९

मामांच्या कुत्र्याचं, हालतारचं नख फाटलं. मागचा डावा पाय. खालची चार नव्हेत – वर, आतल्या अंगाला जी जादा दोन लोंबतात, त्यातलं एक. मुळापासून उलटून निघालंय आणि कातडीच्या दोरीवर लटकतंय. दर पावलाला बर्फावर लाल ठिपका.

डिसेंबरात दोन दिवस ऊन पडलं, वरचा बर्फ पाघळला आणि मग एका रात्रीत गोठला. तेव्हापासून रानावर काचेची पत्री बसलीय. गवत खाली दिसतं, मेंढ्यांच्या तोंडाला लागत नाही. मामा याला लोखंडी झुद म्हणतात. मेंढ्या हळू चालतात, म्हणून निभतं. हालतार पळतो. त्याचा पाय पत्री फोडून आत जातो आणि बाहेर काढताना ते नख अडकतं.

मामा म्हणाले, "बरं होईल." मामांचं हे एकच औषध, माणसांनाही तेच.

जानेवारी १०

पेनातली शाई गोठली. काखेत धरून बसले, तेवढ्यात काय लिहायचं होतं ते विसरले.

जानेवारी १३

इथे दोन आठवड्यांसाठी आले होते. ऑक्टोबरात. सोन्याच्या खड्ड्यांवरचं काम बंद पडलं, ट्रकवाला तुल्गा म्हणाला सीमेवरच्या गावात हॉटेलात काम मिळेल, मी म्हटलं आधी मामांना भेटून येते. मग बर्फ पडला. तुल्गा काही फार चांगला नव्हता, पण गाडी चालवताना गायचा छान. असो. नखांबद्दल लिहायचं होतं.

खड्ड्यांवरच्या राखणदारांची कुत्री मी पाहिलीत. पिल्लं असतानाच मागची नखं काढून टाकलेली. दगडधोंड्यात, तारांत कुठे अडकत नाहीत. आज जेवताना विषय काढला.

"मामा, हालतारची वरची चारही नखं काढून टाकू या."

"का?"

"कसल्या कामाची आहेत? आत हाडसुद्धा नाही. नुसती लोंबतात."

"तुझी कानाची पाळी काय कामाची आहे?"

"डूल घालते की."

मामी हसली. मामा हसले नाहीत. म्हणाले, "या खोऱ्यातली कुत्री बावीसनखी आहेत. माझ्या वडिलांनी कधी कापलं नाही."

"पण का नाही कापलं?"

"विचारलं नाही मी."

हे काय कारण झालं? मामी मग भांडी घासताना हळूच म्हणाली की आधीचा कुत्रा, बासर, असाच गेला. नख फाटलं, पाय फुगला, अकरा दिवसांत मेला. तेव्हाही मामा बरं होईल म्हणाले होते.

जानेवारी १८

पाय सुजलाय. जखमेला वास येतो. हालतार कळपामागे गेला नाही, तंबूच्या दाराशी पडून राहिला. मी मेंढीच्या शेपटीची चरबी दिली, हुंगून ठेवली.

आज सतरा मढी ओढून ओढ्याकडे टाकली. शेळ्या जास्त. कुत्रा नसला की संध्याकाळी कळप गोळा करायला मी आणि मामा दोघं लागतो, आणि मामांना आता खोकल्याने दहा पावलं नीट टाकता येत नाहीत. रानातला या वर्षी भरपेट आहे, असं मामा म्हणतात. त्याचं नाव ते घेत नाहीत. मीही तोंडाने घेत नाही, इथे लिहिते – लांडगा. लिहिलं तर चालत असावं.

जानेवारी २१

मामा सेंगेच्या गाडीतून तालुक्याला गेले, सरकारी चारा वाटणार आहेत म्हणे. तीन दिवस लागतील. सेंगे म्हणजे कड्यापलीकडचा शेजारी, घोड्यावर अर्धा तास. मामांपेक्षा लहान आहे आणि फार बोलतो. मला म्हणाला, "पोरी, अजून इथेच? मला वाटलं एव्हाना तू समुद्र बघून आली असशील." समुद्र बघायचाच आहे मला.

जानेवारी २२

केलं.

लोकर कातरायची कात्री चुलीत तापवली. हालतारच्या तोंडाला पट्टा बांधला, मामी त्याच्या मानेवर ओणवी पडली. वोडका ओतली तेव्हा तो किंचाळला नाही, नुसता थरथरला. फाटलेलं नख एका दाबात आलं. शेजारचं दुसरं – ते धडधाकट होतं – त्याला दोन दाब लागले. रक्त आलं तशी लोकरीच्या नमद्याचा तुकडा जाळून राख दाबली. थांबलं.

मामी म्हणाली, "झालं. सोड आता."

मी म्हटलं, "उजव्या पायाचंही काढते. उद्या ते फाटेल, मग परत हेच."

"उजव्याला काही झालेलं नाही गं."

"आता धरलाच आहेस ना? धर."

धरला तिने. उजव्याची दोन्ही काढली. कातडीच होती बहुतेक. पण मामीच्या हातात तो असा कण्हला की तिने तोंड फिरवलं. चार नखं माझ्या तळहातावर – काळी, वाकडी, सुपारीच्या खांडाएवढी. चुलीत टाकली. केस जळल्यासारखा वास बराच वेळ राहिला. नंतर हात धुतले आणि भूक लागली म्हणून दोन वाट्या सूप प्यायले. मला अशा वेळी नेहमी भूक लागते.

जानेवारी २४

मामा आले. चारा मिळाला तो दहा दिवसांचा. गाडीतून उतरल्याबरोबर हालतारकडे गेले, पाय उचलून बघितला. मग दुसरा.

"डावा ठीक," ते म्हणाले. "उजवा का?"

मी सांगितलं का ते. ऐकून घेतलं. नंतर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. तसे ते कोणाशीच बोलत नाहीत, त्यामुळे रागावलेत की नाही कळत नाही.

फेब्रुवारी ३

हालतार पळतोय! सूज गेली, जखमा सुकल्या, वर केस आलेत, आता बोट लावलं तरच कळतं. आज पत्रीवरून कळपाला असा वळसा घालून आला की मामा उभे राहून बघत राहिले. म्हणाले, "बरा धावतो." मामांच्या तोंडून हे म्हणजे मिरवणूकच.

मामी मला म्हणाली, "तू नसतीस तर हाही गेला असता." आज रात्री झोप चांगली लागणार.

सणानंतर निघायचं. नक्की.

फेब्रुवारी १४

पांढरा महिना लागला. नवं वर्ष वाघाचं. मामी दरवर्षी मांस भरून वाफवलेल्या हजार बूझ वळते, यंदा तीनशे, त्यातही मांस कमी आणि कांदा जास्त. सगळीकडे मेंढीचं मांस लोळतंय, पण रोडावून मेलेल्याचं सणाला कोण खाणार? सेंगे मानाचं निळं वस्त्र घेऊन आला, मामांच्या हातांखाली हात धरून म्हणाला, "दादा, हिवाळा सुखात चाललाय ना?" मामा म्हणाले, "सुखात." ओढ्यात दोनशे मढी पडलीत. पण सणाला हेच विचारायचं आणि हेच सांगायचं असतं.

फेब्रुवारी १७

हालतार सकाळी नव्हता. दुपारी आला, तोंड लाल, दाढीला लोकर. ओढ्यातली मढी खातो. सगळ्यांचीच कुत्री खातात या वर्षी.

फेब्रुवारी १९

सेंगे आला. बसला, तपकिरीची बाटली मामांना दिली, त्यांची घेतली. हिवाळा कसा, सुखात. खाऱ्या चहाची तिसरी वाटी घेतली आणि मग बोलला.

"दादा, परवा माझ्या सात गेल्या. गाभण. गळे फाडलेत, खाल्ल्या दोनच. बाकीच्या नुसत्या मारून टाकल्यात."

मामा म्हणाले, "रानातला?"

"खरं सांगू? रागावू नका. माग तुमच्या बाजूने आलाय आणि तुमच्या बाजूला गेलाय. पहिल्यांदा मनात तुमचा हालतार आला. पंजा तेवढाच, हा एवढा." त्याने टोपी उलटी करून दाखवली. "मढी खाऊन खाऊन कुत्री बिघडतात, माझ्या मेव्हण्याचा नाही का बिघडला? दोर घेऊनच निघालो होतो. मग म्हटलं नीट बघावं. बसून बघितलं. मागच्या पायाला वरचं नखच नाही. मऊ बर्फ होता, उमटलं असतं. चार बोटं आणि मागे साफ." तो हसला. "सुटला तुमचा कुत्रा. मला इतकं हलकं वाटलं, काय सांगू."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मामीने किटली उचलली आणि परत होती तिथेच ठेवली.

लांडग्याला मागचं वरचं नख नसतं. या खोऱ्यातल्या कुत्र्यांना असतं, दोन दोन. हे मामांना माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत आहे. फक्त ही गोष्ट आणि ती गोष्ट शेजारी शेजारी कोणी ठेवली नव्हती. वडिलांनी का कापलं नाही, ते आज सेंगे सांगून गेला, आणि त्यालाही ठाऊक नाही की त्याने सांगितलं.

तो गेल्यावर मामा एवढंच म्हणाले, "उजवा तरी राहिला असता."

फेब्रुवारी २०

मामांबरोबर सेंगेकडे गेले. त्याने दोन पावलांवर लोखंडी घमेली पालथी घातलीत, वाऱ्याने पुसू नयेत म्हणून. एक पुढचं, एक मागचं. मामा गुडघ्यांवर बसले. बोटाने कडा चाचपल्या, वीत लावली. मी सकाळीच हालतारला अंगणातल्या बर्फावरून चालवून त्याची वीत घेतली होती. तेवढीच. लांडगा थोडा लांबट असतो म्हणतात, पण तीन दिवसांत कडा ढासळल्या होत्या. लांबट म्हटलं तर लांबट, गोल म्हटलं तर गोल.

सेंगे म्हणाला, "काय दादा? रानातलाच ना?"

मामांनी घमेली परत पालथी घातली. म्हणाले, "महिन्यापूर्वी विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

सेंगेला वाटलं डोळ्यांबद्दल बोलतायत. "वय होतं दादा," म्हणाला. "सापळे लावतो मी."

परत येताना मी मामांना म्हटलं, "हालतार असं करणार नाही." मामा म्हणाले, "करेल की. कुत्रा आहे." मग थोड्या वेळाने, "केलं असेल असं म्हणत नाही." घोड्याच्या नाकातून वाफ निघत होती, ती बघत मी चालले. त्याच्या तोंडाला लोकर होती ते मी सांगितलं नाही. मग सांगितलं. मामा म्हणाले, "मीही बघितलं होतं."

फेब्रुवारी २१

मी म्हटलं हालतारला बांधू या. तो बांधलेला असताना सेंगेच्या मेल्या तर हा नव्हे. मामांनी मान डोलावली. साखळीने बांधला, सामानाच्या छकड्याच्या चाकाला. आयुष्यात पहिल्यांदा बांधलाय. ओढत नाही, नुसता माझ्याकडे बघतो.

देवा, सेंगेच्या मेंढ्या मरू देत. हे लिहिलं मी. खोडत नाही.

फेब्रुवारी २३

वादळ. दोरी धरून वाडग्यापर्यंत गेले.

फेब्रुवारी २४

वादळ. पेन चालतंय, एवढं बरं.

फेब्रुवारी २६

पाच दिवस झाले. सेंगेकडे काही नाही. सापळे रिकामे.

मी मामांना म्हटलं, "वादळ होतं. वादळात कोणी हलत नाही, रानातलाही नाही."

"वादळ दोन दिवस होतं. दिवस पाच झाले."

"अजून पाच ठेवू या."

"आणि मग अजून पाच. तोवर कळप कोण राखणार? आणि सेंगे सापळ्यांपाशी रोज गारठत बसलाय, तो काय म्हणून?" मोठ्या आवाजात बोलले नाहीत. खोकला आला, थांबले. "त्याच्या चुलीशी बसून चहा प्यायलो मी आणि गप्प राहिलो. सात दिवस झाले. आता पुरे."

घोड्यावर बसून गेले. दुपारी सेंगेला घेऊन आले. सेंगेने हालतारचे मागचे पाय उचलून केस बाजूला केले, वण बघितले. तोंडातून शब्द नाही. सेंगेच्या!

मग मला म्हणाला, "तू कापलीस?"

"हो."

"कशाला गं पोरी?"

"फाटलं होतं. बासरसारखा मेला असता."

"हं." तो टाचांवर बसून राहिला. "दादा, तुम्ही नसतं सांगितलं तर मला जन्मभर कळलं नसतं."

मामा म्हणाले, "म्हणूनच सांगितलं."

मी म्हटलं, "पण हाच होता असं कुठे ठरलंय? कळतच नाहीये ना!"

सेंगे माझ्यावर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "बांधला आणि थांबलं. आणखी काय बघायचं? एकदा गळा फाडायची चव लागली की मग कोणाचाच कळप राहत नाही. तुमचाही नाही." मामांकडे वळला. "भरपाई नको दादा. तुमच्याकडे उरलंय काय? फक्त हा ठेवू नका. आणि तुमच्या हाताने नको. मी करतो."

मामा म्हणाले, "उद्या."

मामी आत जाऊन कणीक मळायला बसली. रात्रीचं शिजवून ठेवलेलं होतं, कणकेचं काही काम नव्हतं.

फेब्रुवारी २७

तो मामांबरोबर जाईना. साखळी सोडली तरी चाकापाशी बसून राहिला. मग मी हाक मारली, तर उठून आला. शेपटी हलवत. घळीपर्यंत मीच घेऊन गेले. वाटेत मोकळा होता, हवं तर पळाला असता. दोनदा पुढे जाऊन परत आला, मी येतेय ना बघायला. मला वाटलं ओरडावं, दगड मारावा, हाकलावा त्याला. कुठे हाकलणार? उणे पस्तीस. आणि सात मेंढ्या. आणि माझी खात्री होती का? नव्हती. ते खरं लिहायला हवं. मला वाटत होतं की त्यानेच केलं असेल.

सेंगे म्हणाला, "तू जा आता, पोरी." मी गेले नाही. एकच गोळी. हालतार माझ्याकडे बघत होता, म्हणून सेंगेला बाजूने यावं लागलं.

मग मामांनी करायचं ते केलं. शेपूट कापून डोक्याखाली ठेवली. तोंडात लोण्याचा गोळा ठेवला, पुढच्या जन्मी माणूस हो म्हणून कानात सांगितलं. अजून काहीतरी सांगत होते, बराच वेळ. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. सेंगे टोपी काढून उभा होता.

मी मागचे पाय हातात घेऊन बसले होते. वणांवरचे केस मऊ होते, पिल्लाच्या केसांसारखे.

मार्च ४

रॉकेलचा ट्रक आला. ड्रायव्हर नवा, तुल्गा नव्हे. आपल्या रीतीप्रमाणे लांबच थांबून ओरडला, "कुत्रा धरा!"

मामी बाहेर गेली. म्हणाली, "या. धरायला कोणी नाही."

ड्रायव्हर म्हणाला, उद्या परत जाताना तुला नेतो, सीमेपर्यंत गाड्या मिळतील. मी गाठोडं बांधलं. मग मामा वाडग्याकडून येताना दिसले. दर चार पावलांवर थांबत होते, हात गुडघ्यांवर टेकून. गाठोडं सोडलं.

कळप आता मी राखते. दिवसभर ओरडून घसा बसलाय. संध्याकाळी एक शेळी कमी भरली, सापडली नाही.

मार्च ८

सेंगे म्हणाला, त्याच्या कुत्रीला वसंतात पिल्लं होतील, एक आमचं. मामा म्हणाले, "बरं." मग, "नखांना हात लावू नकोस." सेंगे म्हणाला, "कोण लावतंय दादा." दोघंही माझ्याकडे बघत नव्हते.

मार्च ११

काल संध्याकाळी ताजा बर्फ पडला. सकाळी वाडगं उघडलं. आमच्या अकरा, गळे फाडलेल्या, खाल्लेली एकच. माग कड्यावरून आलाय आणि कड्यावर गेलाय. बर्फ लोण्यासारखा मऊ, कडा अजून उभ्या. पंजा लांबट. मागचा पाय चार बोटं, मागे साफ.

मामी म्हणाली, "मग सेंगेच्या त्या सात कोणी—" आणि थांबली.

मी माग धरून कड्यापर्यंत गेले, एकेक पाऊल बघत. मामा आले नाहीत. ते वाडग्याच्या दाराशीच, उघड्या डोक्याने, घळीकडे तोंड करून उभे होते.